आधीच दाबलेली स्प्रिंग

स्प्रिंगला वजने टांगून हुकचा नियम पडताळण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केलेला असतो, आणि आपल्यापैकी अनेकजण तो दरवर्षी विद्यार्थ्यांकडून करून घेतात. या प्रयोगात कधी कधी एक अडचण येते. ५० ग्रॅमचे वजन लावले तरी स्प्रिंग हलतच नाही. १०० ग्रॅमला ती २ सेंटिमीटर वाढते, १५० ला ४.५, २०० ला ७ आणि २५० ला ९.५ सेंटिमीटर. आलेख सरळ रेषेत येतो, पण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. पुस्तकातली रेषा तर आरंभबिंदूतून जाणारी असते. मग विद्यार्थी पहिले वाचन गाळतो, उरलेल्यांत थोडा थोडा फेरफार करतो आणि रेषा ‘बरोबर’ आणतो. त्याला पूर्ण गुण मिळतात. वाचने जशी आली तशी मांडणाऱ्या मुलाचा मात्र एखादा गुण जातो.

या मुलाचे काहीच चुकलेले नसते, आणि स्प्रिंगचेही नाही. वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली असतील, तर अशा स्प्रिंगमध्ये ती वळतानाच काही ताण भरला गेलेला असतो. वरील उदाहरणात तो ६० ग्रॅम वजनाइतका आहे. तेवढे वजन होईपर्यंत वेटोळी सुटत नाहीत. त्यानंतर मात्र दर २० ग्रॅमला स्प्रिंग १ सेंटिमीटर वाढते, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलत नाही. स्प्रिंगवर काम सुरू होण्यापूर्वीच असलेल्या अशा बलाला आपण ‘पूर्वभार’ म्हणू.

या पूर्वभाराची दुसरी भेट गॅरेजमध्ये होते. अनेक मोटरसायकलींच्या मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर खाचा असलेली एक कडी असते. ती फिरवली की स्प्रिंगचे एक टोक सरकते आणि स्प्रिंग आणखी दाबली जाते. ‘डबलसीट जायचे असेल तर स्प्रिंग कडक करून देतो,’ असे म्हणत मेकॅनिक ती कडी दोन खाचा पुढे नेतो. पदार्थविज्ञानात संशोधन करीत असूनही मला हे वाक्य बरीच वर्षे खटकले नव्हते. दाबलेली स्प्रिंग आणखी दाबायला जास्त जोर लागतो, हे हाताला कळते. म्हणजे ती कडक झाली, असे वाटते. पण स्प्रिंग खरोखरच कडक होते का? या साध्या प्रश्नामागे सुमारे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात अर्थातच रॉबर्ट हुकपासून होते. स्प्रिंगचा नियम आपल्याला १६६० च्या सुमारासच सापडला होता, असे त्याने पुढे म्हटले आहे. पण त्याने तो लगेच जाहीर केला नाही. स्प्रिंगवर चालणारे घड्याळ हा त्या काळी मोठ्या किमतीचा शोध होता आणि त्याचे श्रेय कोणाचे यावरून हुक आणि हॉलंडचा ख्रिस्तियान हायगेन्झ यांच्यात वाद पेटला होता. १६७६ साली हुकने आपला नियम १४ अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला. त्याची उकल त्याने १६७८ साली दिली: जशी वाढ, तसे बल.

घड्याळाचा हा वाद प्रसिद्ध आहे, पण हुकचा गाड्यांशी आलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. १ मे १६६५ रोजी रॉयल सोसायटीची काही मंडळी लंडनजवळ राहणाऱ्या कर्नल ब्लंट यांच्या घरी गेली होती. त्यांत हुक होता, आणि आपल्या रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेला सॅम्युअल पेपिसही होता. जेवणानंतर घोडागाडीचे धक्के कमी करण्याचे प्रयोग झाले. त्यांतल्या एका गाडीचे सगळे धड एकाच लांब स्प्रिंगवर ठेवलेले होते. मंडळी आळीपाळीने तीत बसून पाहत होती आणि पेपिसला ती फारच सुखाची वाटली. स्प्रिंगचा नियम मनात असलेला माणूस आणि स्प्रिंगवरची गाडी त्या दिवशी एकाच ठिकाणी होती. पण गाडीची स्प्रिंग किती मऊ असावी याचे गणित व्हायला आणखी पावणेतीनशे वर्षे जावी लागली.

मधल्या काळात कारागीर पुढे गेले. १८०४ च्या सुमारास लंडनच्या ओबाडाया एलियटने पोलादी पट्ट्यांच्या दोन कमानी समोरासमोर जोडून केलेल्या लंबवर्तुळाकार स्प्रिंगवर गाडीचे धड बसवले. टांग्याला किंवा व्हिक्टोरियाला असलेल्या कमानी या त्याच घराण्यातल्या, आणि मालमोटारीचे पाटेही. पट्ट्या एकमेकींवर घासत असल्यामुळे अशी कमान गाडीचे हेलकावेही आपोआप थोडे शमवते. मोटार आली तेव्हा तिने ही कमान घोडागाडीकडून जशीच्या तशी उचलली.

मोटारीच्या वेगात मात्र या कमानीच्या उणिवा दिसू लागल्या. पुढची दोन चाके एकाच आडव्या आसाला जोडलेली असत. पुढच्या कमानी मऊ ठेवल्या तर ब्रेक लावताना आस पिळे, सुकाणू थरथरे. म्हणून पुढच्या कमानी आखूड आणि ताठ ठेवण्याची रीत पडली. मागे बसणारे मालक असत, त्यामुळे मागच्या स्प्रिंगा मऊ. अशी गाडी खड्ड्यातून गेली की घोड्यासारखी पुढे-मागे डोलत राही.

या डोलण्याचा पद्धतशीर अभ्यास मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने केला. तो अमेरिकेत रोल्स-रॉइससाठी काम करीत असे आणि १९३० साली कॅडिलॅकमध्ये आला. १९३२ साली त्याच्या गटाने एका मोठ्या मोटारीच्या पुढे आणि मागे सरकवता येतील अशी वजने बसवली. वजने हलवली की गाडीचे एकूण वजन तेच राहून तिचे जडत्व आघूर्ण बदले, आणि स्प्रिंगाही बदलता येत. सुखद प्रवास मोजणारे उपकरण नव्हते. गाडीत बसून स्वतःला कसे वाटते तेच टिपून ठेवायचे. पेपिस आणि मंडळींनी १६६५ साली केले तेच, फक्त आता एका वेळी एकच गोष्ट बदलून.

निष्कर्ष रूढ समजुतीच्या उलट निघाला. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. कारण सोपे आहे. उंचवट्यावर पुढची चाके आधी चढतात. चाकांच्या दोन जोड्यांत ३ मीटर अंतर असेल आणि वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर मागच्यांची पाळी ०.१८ सेकंदाने येते. उशिरा सुरू झालेले मागचे दोलन जर थोडे जलद असेल, तर ते पुढच्याला गाठते आणि दोन्ही टोके बरोबरीने वरखाली होऊ लागतात. डोलणे थांबते आणि उरते ते सपाट वरखाली होणे, ज्याचा माणसाला त्रास कमी होतो.

मऊपणा मोजण्यासाठी ओलीसारखे अभियंते स्प्रिंग गाडीच्या वजनाने किती दबते ती लांबी वापरीत. हे माप शिक्षकांना विशेष आवडेल असे आहे. स्प्रिंगवरच्या वस्तूचा दोलनकाल हा त्या दबलेल्या लांबीएवढ्या साध्या लंबकाच्या दोलनकालाइतकाच असतो. वजनाने स्प्रिंग ५ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी ५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकासारखी मिनिटाला सुमारे १३४ हेलकावे खाईल. २५ सेंटिमीटर दबत असेल, तर मिनिटाला सुमारे ६०. पहिली गाडी हाडे खिळखिळी करील, दुसरी पाळण्यासारखी वाटेल. पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दबावी, असा ओलीचा आडाखा होता.

इथे खरी अडचण उभी राहते. स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबायला हवी, म्हणजे मोकळ्या अवस्थेपासून गाडी २५ सेंटिमीटर खाली बसायला हवी. शिवाय खड्ड्यांसाठी वर आणखी जागा. एवढी चाल चाकाला द्यायची तर गाडी उंटासारखी उंच होईल. यातून वाट काढली ती पूर्वभाराने. चाकाला खाली ८ सेंटिमीटर लोंबता येईल एवढीच मोकळीक ठेवायची आणि उरलेले १७ सेंटिमीटर स्प्रिंग बसवतानाच दाबून टाकायचे. १९३४ साली कॅडिलॅक आणि ब्यूक गाड्यांना पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र करणारी रचना मिळाली. तीत दोन आडव्या भुजांच्या मध्ये गुंडाळीची स्प्रिंग दाबून बसवलेली असे. पुढे अर्ल मॅकफर्सनने शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात गुंफली. १९५० साली फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या ब्रिटिश मोटारींना हा खांब होता, आणि आपल्याकडे १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही. म्हणजे पूर्वभार हा स्प्रिंग कडक करण्यासाठी नव्हे, तर भरपूर मऊ स्प्रिंग लहान जागेत मावावी म्हणून मोटारीत आला.

दुसरी वाट होती ती खरोखरच लांब चाल देण्याची. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सित्रोएनच्या टू-सीव्ही या मोटारीने ती धरली. नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत, अशी अपेक्षा ठेवून ती घडवलेली होती. तिच्या स्प्रिंगा इतक्या मऊ होत्या की मागे माणसे बसली की गाडीचे नाक वर होई. म्हणून पुढच्या दिव्यांचा कल आतूनच बदलण्याची सोय तिला ठेवावी लागली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका पुढच्या चाकावर गाडीचे ३०० किलो वजन येते आणि स्प्रिंग दर मिलिमीटरला २ किलो या प्रमाणात दबते असे धरू. (सोयीसाठी बलही किलोतच मोजू, आणि चाक व स्प्रिंग सारखेच सरकतात असे मानू.) म्हणजे स्प्रिंग एकूण १५० मिलिमीटर दबेल. चाकाला खाली ८० मिलिमीटर मोकळीक असेल, तर उरलेले ७० मिलिमीटर, म्हणजे १४० किलो, हा पूर्वभार झाला.

ज्या वाटीवर स्प्रिंगचे खालचे टोक टेकते ती आता १० मिलिमीटर वर सरकवू. पूर्वभार १६० किलो झाला. स्प्रिंग जास्त दबली का? चाक लोंबत असताना, हो. पण गाडी जमिनीवर ठेवली की स्प्रिंगला ३०० किलोच पेलायचे आहेत. त्यासाठी ती १५० मिलिमीटर दबेल, पूर्वीइतकीच, एक मिलिमीटरही जास्त नाही. वाढलेल्या १० मिलिमीटरचे काय झाले? गाडी तेवढी वर उचलली गेली. यापुढे प्रत्येक मिलिमीटरला पूर्वीप्रमाणे २ किलोच लागतील. हेलकाव्यांची संख्या मिनिटाला ७७ होती, ती ७७ च राहील. वळणावर गाडी जितकी कलत होती तितकीच, उंची वाढल्यामुळे फार तर किंचित जास्त कलेल, कारण कलणे हे बाहेरची स्प्रिंग किती ‘आणखी’ दबते आणि आतली किती सैल होते यावर ठरते.

मग मेकॅनिक खोटे बोलतो का? नाही. त्याचा अनुभव खरा आहे, स्पष्टीकरण तेवढे चुकते. दोघे बसले की गाडी खाली बसते आणि खड्ड्यात शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा शेवट गाठला जाऊन धक्का बसतो. कडी फिरवल्यावर गाडी पुन्हा उंचीवर येते, वरची मोकळीक परत मिळते आणि धक्का थांबतो. स्प्रिंग ‘कडक’ झाल्यासारखी वाटते, पण बदलली आहे ती चालीची वाटणी: वर किती आणि खाली किती.

या वाटणीचा परिणाम गाडीच्या हाताळणीवर जरूर होतो. आपल्या उदाहरणात खालची मोकळीक ८० वरून ७० मिलिमीटर झाली. वाटी आणखी वर नेत गेलो, तर खोल खड्ड्यात चाक जमीन सोडील आणि वळणावर आतल्या बाजूचे चाक लवकर उचलले जाईल. पूर्वभार ३०० किलोच्या पुढे गेला, समजा ३२० किलो झाला, तर गाडीच्या वजनाने स्प्रिंग हलणारच नाही. पहिले जादा २० किलो येईपर्यंत चाक जणू धडाला रिव्हेट मारून बसवलेले असेल, आणि गाडी लहान खडे थेट पाठीपर्यंत पोचवील. आपल्या प्रयोगातल्या ५० ग्रॅमच्या वजनाची हीच स्थिती होती. या टप्प्यावर गाडी खरोखरच कडक लागते. पण तेव्हाही स्प्रिंगचा स्थिरांक तोच असतो.

चारांपैकी एकाच चाकाची वाटी फिरवली तर आणखी एक गोष्ट घडते. चार पायांच्या टेबलाचा एक पाय किंचित लांब असला की ते टेबल तो पाय आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला पाय यांवर जास्त भार देते. उरलेले दोन हलके होतात. गाडीचेही तसेच होते. पुढच्या डाव्या चाकाची वाटी चढवली, तर पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक जास्त वजन घेतात. अशी गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखी वळत नाही, आणि जोरात ब्रेक लावला की पुढचे हलके चाक आधी घसरते. शर्यतीचे तंत्रज्ञ म्हणूनच चारही चाके वेगवेगळ्या काट्यांवर ठेवून वाट्या जुळवतात. इथे पूर्वभाराने हाताळणी बदलली, पण ताठरता मात्र बदलली नाही.

ताठरता खरोखर बदलते अशाही स्प्रिंगा आहेत. काहींची वेटोळी मुद्दाम कमीजास्त अंतराने वळलेली असतात. दाबताना जवळची वेटोळी एकमेकांवर टेकून बाद होतात आणि उरलेली स्प्रिंग अधिक ताठ ठरते. १९५५ सालच्या सित्रोएन डीएसमध्ये स्प्रिंगच्या जागी बंदिस्त वायू होता. भार वाढला की वायूचा दाब वाढतो, आकारमान घटते, आणि त्याबरोबर ताठरताही वाढते. अशा रचनांना ‘जशी वाढ, तसे बल’ हे सरळ प्रमाण लागू नाही. जिथे ते लागू आहे, तिथे पूर्वभाराने ताठरता बदलू शकत नाही.

एक सावधगिरीची सूचना इथे द्यायला हवी. वरील उदाहरणातल्या स्प्रिंगमध्ये चाक हवेत असतानाही ७० मिलिमीटर दाबलेली ऊर्जा भरलेली असते: जवळपास ५ किलोचे वजन १ मीटर उचलण्याइतकी. खांबाच्या माथ्यावरचे नट योग्य शिकंजा न लावता सोडले, तर ती एका क्षणात बाहेर पडते. कुतूहल म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याने हे खोलून पाहू नये.

पाहायचे ते प्रयोगशाळेतच पाहता येते. लेखाच्या आरंभीची स्प्रिंग पुन्हा घेऊ. २५० ग्रॅमला ती ९.५ सेंटिमीटर वाढली होती. विद्यार्थ्याने सरळ भागाकार केला तर स्थिरांक सेंटिमीटरला २६.३ ग्रॅम येतो; १०० ग्रॅमच्या वाचनावरून केला तर ५० येतो. प्रत्येक वाचनाला वेगळे उत्तर. रेषेचा चढ काढला तर मात्र सगळीकडे २० येतात. यांतले खरे कोणते, हे घड्याळाला विचारावे. २५० ग्रॅम टांगून, वेटोळी मिटणार नाहीत इतपतच हेलकावे देऊन २० दोलने मोजावीत. भागाकार खरा असेल तर १२.४ सेकंद लागायला हवेत, चढ खरा असेल तर १४.२. घड्याळ १४.२ च्या आसपास दाखवील; स्प्रिंगचे स्वतःचे वजनही हलत असल्याने कदाचित थोडे जास्तच. लंबकाच्या भाषेत सांगायचे, तर ही स्प्रिंग ९.५ सेंटिमीटरच्या नव्हे, १२.५ सेंटिमीटरच्या लंबकासारखी डोलते. डोळ्यांना न दिसणारे ३ सेंटिमीटर वेटोळ्यांमध्ये आधीच दडलेले होते.

ताठरता म्हणजे एकूण बल भागिले एकूण वाढ नव्हे. बलातला बदल भागिले वाढीतला बदल. रेषा आरंभबिंदूतून जात असेल तर दोन्ही उत्तरे एकच येतात, आणि म्हणूनच दोहोंतला फरक पुस्तकात झाकलेला राहतो. तो उघड होतो नेमका त्या ‘बिघडलेल्या’ आलेखात. पुढच्या वेळी एखाद्या विद्यार्थ्याची रेषा आरंभबिंदूला चुकवून गेली, तर त्याला ती खोडायला सांगू नये. ती अक्षाला कुठे छेदते आणि तिचा चढ किती आहे, हे दोन्ही त्याला लिहायला सांगावे आणि हातात घड्याळ द्यावे. आणि त्याचा गेलेला गुण परत द्यावा.